आफ्रिकेचा नकाशा पावसाच्या पंचांगाने वाचताना

दारेसलामकर

टांझानियात अकरा वर्षे नोकरी करून परतल्यापासून भेटणारा प्रत्येक नातेवाईक मला विचारतो, की तिथले जंगल कसे आहे. या प्रश्नाला सरळ उत्तर देणे मला अजून जमलेले नाही. ज्या सेरेंगेटीची चित्रे सर्वांनी पाहिलेली असतात तिच्या दक्षिण भागात उभे राहिले, तर नजर पोहोचेल तिथपर्यंत एक झाड दिसत नाही. आणि जिथे खरोखर घनदाट अरण्य आहे, त्या काँगोच्या खोऱ्याच्या गाभ्यात सिंह नाही. ‘जंगलाचा राजा’ जंगलात राहतच नाही, हे पुतण्याला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे संशयानेच पाहिले.

शाळेच्या नकाशात विषुववृत्तालगत गडद हिरवा पट्टा, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला गवताळ प्रदेश, त्यापलीकडे वाळवंटे आणि अगदी दोन्ही टोकांना हिवाळी पावसाचा प्रदेश असे रंग भरलेले असतात. विषुववृत्त या खंडाच्या जवळजवळ मधून जात असल्यामुळे ही रचना आरशात पाहिल्यासारखी दुहेरी दिसते. मात्र हे पट्टे तापमानाने आखलेले आहेत असा समज असेल तर तो सोडावा लागतो. सूर्याच्या मागोमाग पर्जन्यपट्टा जुलैत सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेलपर्यंत वर सरकतो आणि जानेवारीत झांबियापर्यंत खाली उतरतो. त्यामुळे एखाद्या जागी पाऊस वर्षातले किती महिने आणि कोणत्या महिन्यांत पडतो, यावर तिथे काय उगवेल आणि ते कोण खाईल हे बहुतांशी ठरते.

एकूण पावसाचा आकडा किती फसवा असतो, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर काँगोच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी १,५०० ते २,००० मिलिमीटर. तरीही सदाहरित वर्षावन तिकडे पसरले आहे, कारण तिथला पाऊस थोड्याफार फरकाने वर्षभर विभागलेला असतो आणि कोकणातला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. उरलेले आठ महिने तग धरण्याचा प्रश्न काँगोतल्या झाडाला पडत नाही.

कोरडे महिने वाढू लागले, की दक्षिणेकडे मियोंबो नावाचे पानझडी रान सुरू होते. अंगोलापासून टांझानिया आणि मोझांबिकपर्यंत पसरलेल्या या रानाकडे पर्यटक फारसे वळत नाहीत, आणि मला मात्र सर्वांत जास्त आठवण त्याचीच येते. पहिला पाऊस नोव्हेंबरच्या आसपास पडतो, पण त्याच्या कित्येक आठवडे आधी, जमीन तापून भेगाळलेली असताना, तिथल्या झाडांना तांबूस, किरमिजी पालवी फुटते. सह्याद्रीत फाल्गुन-चैत्रात कुसुमाचे झाड ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी तसा रंग मैलोन्मैल पसरलेला कल्पावा. माती जुनी आणि धुपून निकस झालेली असल्यामुळे या रानात प्राण्यांचे मोठे कळप नसतात. सेबल नावाचे काळेभोर, मागे वळलेल्या शिंगांचे हरीण दिसले तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे. गुरांमध्ये जीवघेणा रोग पसरवणाऱ्या त्से-त्से माशीमुळे गुरे पाळता येत नाहीत, म्हणून हे रान बरेचसे टिकले. ती माशी शर्टाच्या जाड कापडातून चावते आणि गाडीच्या काचा वर केल्या तरी एखादी आत राहिलेलीच असते, हे स्वानुभवाने सांगतो.

सहाराबद्दल थोडक्यात. त्याचा सुमारे एक चतुर्थांश भागच वाळूच्या टेकड्यांचा आहे, उरलेला खडक आणि दगडगोट्यांचा. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी पर्जन्यपट्टा आणखी उत्तरेला पोहोचत असे आणि तिथे तळी व गवत होते. अल्जीरियातील तासिली पठाराच्या खडकांवर माणसांनी जिराफ आणि पाणघोडे रंगवून ठेवले आहेत.

या सुबक नकाशाला पूर्व आफ्रिकेने छेद दिला आहे. केनियातून विषुववृत्त जाते, पण तिथे वर्षावनाऐवजी काटेरी झुडपे आणि गवत आहे. खचदरीच्या कडेचे उंच डोंगर पश्चिमेची ओल अडवतात, आणि जून ते सप्टेंबरात किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा आपली वाफ तिथे न सांडता पुढे अरबी समुद्रावर नेतो. तोच आपला नैर्ऋत्य मोसमी वारा. तिथल्या लोकांच्या वाट्याला मार्च ते मे हा ‘मासिका’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘वूली’ असे दोन लहान पावसाळे येतात. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तिथे कान धरावा.

कोरडवाहू

लेख आवडला. एक शंका आहे. आमच्या सोलापूर भागात माळरानाला सरकारी कागदावर पडीक जमीन म्हणतात, आणि पूर्वी इथे जंगल होते, ते माणसाने तोडून जाळून संपवले, असे आम्हाला लहानपणापासून सांगितले गेले. आफ्रिकेतील सव्हानाही तशीच, माणसाने बिघडवलेल्या जंगलाची उरलेली अवस्था नव्हे का?

रानजाई

कोरडवाहू, तुमची शंका रास्त आहे आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनीही दीर्घकाळ तसेच मानले होते. परंतु उष्ण प्रदेशातील गवतांनी आफ्रिकेत जम बसवला तो सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी, आणि आपली मानवजात अवतरली जेमतेम तीन लाख वर्षांपूर्वी. म्हणजे सव्हाना घडवण्याचे श्रेय किंवा दोष माणसाकडे जाऊ शकत नाही. विजेने लागणारी आग, गवत आणि मोठे तृणभक्षक यांनी ती माणूस नसतानाच उभी केली.

याचा हाती धरता येण्यासारखा पुरावा झांबिया आणि अंगोलाच्या गवताळ भागांत पायाखाली असतो. वरून पाहिले तर घोट्याएवढी, फार तर गुडघ्याएवढी झुडपे दिसतात. उकरून पाहिले तर मातीत जाडजूड लाकडी खोडांचे जाळे कित्येक मीटर पसरलेले आढळते. यांचे जवळचे भाऊबंद शेजारच्या रानात उंच वृक्ष म्हणून वाढतात. या जातींनी मात्र सगळा पसारा जमिनीखाली नेला आणि वर फक्त पाने व फुले ठेवली. आग वरून निघून जाते आणि काही दिवसांत नवे कोंब येतात. वरवंट्यासारखी दरवर्षी फिरणारी आग फार जुनी असल्याशिवाय झाडाची इतकी तयारी होत नाही.

केनियातील लाइकिपिया पठारावर शिट्टी वाजवणारी बाभूळ आहे. तिच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ फुगे असतात, त्यांत मुंग्या राहतात, आणि वाऱ्यात त्या फुग्यांच्या छिद्रांतून शीळ येते. हत्ती डहाळी ओढू लागला की मुंग्या त्याच्या सोंडेत शिरतात, म्हणून तो या झाडाच्या वाटेला जात नाही. अलीकडे तिथे मोठ्या डोक्याच्या परक्या मुंग्या पसरल्या आणि त्यांनी मूळच्या मुंग्यांचा फडशा पाडला. त्यानंतर हत्तींनी झाडे मोडली, आडोसा कमी झाला, आणि दबा धरून झेब्रा मारणाऱ्या सिंहांना झेब्रे दुरूनच ओळखू लागले. २००३ मध्ये त्या भागातल्या सिंहांच्या शिकारीत झेब्र्यांचा वाटा ६७ टक्के होता, तो २०२० मध्ये ४२ टक्क्यांवर आला, आणि सिंह रानरेड्यांकडे वळले. चिमटीत मावणाऱ्या किड्याने सिंहाचे ताट बदलले.

तुमच्या माळरानाचेही बरेचसे असेच आहे. माळढोक, तणमोर, चिंकारा, लांडगा हे उघड्या गवताचे रहिवासी आहेत. तिथे खड्डे खणून दाट झाडे लावणे म्हणजे त्यांचे घर मोडणे.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आहे. सेरेंगेटीची गोष्ट गुरांच्या डॉक्टराशिवाय पुरी होत नाही, म्हणून लिहितो.

बुळकांडी हा शब्द आता तरुण मंडळींना ठाऊक नसेल. ताप, तोंडात फोड, मग भयंकर हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात गोठा रिकामा. नोकरीच्या सुरुवातीला तालुक्यातली गावे पालथी घालून मी याच रोगाच्या लसी टोचल्या आहेत; बर्फाच्या डब्यात लस आणि सायकलच्या मागे डबा. हा रोग १८८७ च्या सुमारास एरिट्रियामार्गे आफ्रिकेत शिरला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला, आणि ती गुरे भारतातली होती असे सांगितले जाते. दहा वर्षांत तो थेट केपपर्यंत पोहोचला. वाटेत त्याने बहुसंख्य गुरे मारली, इथिओपियात भीषण दुष्काळ पडला, आणि रोगाने रानरेडे व विल्डबीस्ट नावाची गुरासारखी दिसणारी मोठी हरणेही सोडली नाहीत, कारण खूर दुभंगलेल्या सगळ्यांनाच तो होत असे.

पुढे १९५० च्या दशकापासून पूर्व आफ्रिकेत गुरांना लस टोचण्याची मोहीम चालली. विल्डबीस्टला कोणी सुई लावली नव्हती. तरीही गुरांमधला रोग आटोक्यात येताच १९६३ च्या सुमारास तो रानातूनही नाहीसा झाला. म्हणजे रोगाचे मूळ ठाणे गोठ्यात होते. त्या वेळी अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेर तेरा लाखांच्या घरात गेले. इतकी तोंडे गवताला लागल्यावर जळायला गवत उरेना, आगी कमी झाल्या, आणि आगीत होरपळणारी बाभळीची रोपे डोके वर काढू लागली. गाईला टोचलेल्या लसीमुळे झाडे वाढली, असे खात्यात असताना मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

दारेसलामकर

डॉक्टरसाहेब, हा प्रतिसाद जपून ठेवत आहे.

रानजाई यांच्या म्हणण्यात एक दुरुस्ती सुचवतो. प्रत्येक गवताळ पट्ट्याचे कारण आग नसते. सेरेंगेटीच्या आग्नेयेला, न्डुटूच्या बाजूला जे आखूड गवताचे मैदान आहे, तिथे गवत बोटभर उंचीचे असते आणि आग पसरायला पुरत नाही. तरी झाड नाही. गोरोंगोरोच्या परिसरातील ज्वालामुखींची राख शतकानुशतके वाऱ्याने तिथे येऊन पडली. ओल डोन्यो लेंगाई अजूनही अधूनमधून राख टाकतो. या राखेतला चुना पावसाने खाली झिरपून हात-दोन हात खोलीवर सिमेंटसारखा थर बनतो. एकदा आमच्या गाडीचे चाक रुतले तेव्हा चालकाने फावडे मारले, आणि वरची भुसभुशीत माती निघाल्यावर दगडी फरशीवर आपटल्यासारखा खणखण आवाज आला. त्यातून झाडाचे मूळ उतरत नाही.

परंतु त्या राखेमुळेच ते गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असते. फेब्रुवारीच्या सुमारास लाखो विल्डबीस्ट माद्या याच मैदानावर काही आठवड्यांच्या अवधीत वितात, कारण दूध उतरायला लागणारी क्षारद्रव्ये इथे मिळतात. पाऊस थांबला की मैदान पंधरवड्यात करपते आणि कळप उत्तरेकडे मारा नदीची वाट धरतो. मगरींच्या जबड्यांची चित्रे सगळे पाहतात. त्या प्रवासाची सुरुवात राखेतून होते, याकडे लक्ष जात नाही.

केपकर

मी केप टाऊनजवळ राहतो. खंडाच्या या टोकाला पाऊस जून ते ऑगस्ट या ऐन हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे उरलेल्या आफ्रिकेशी इथल्या वनस्पतींचा मेळ बसत नाही. इथल्या झुडूपरानाला फेनबॉस म्हणतात. सुमारे ९०,००० चौरस किलोमीटरच्या केप पुष्पप्रदेशात वनस्पतींच्या जवळजवळ ९,००० जाती आहेत आणि त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही आपोआप उगवत नाहीत. हत्ती-सिंह शोधायला आलेल्या पाहुण्यांची इथे निराशा होते. माती इतकी निकस, की मोठे कळप पोसलेच जात नाहीत.

आग इथेही लागते, साधारण दहा-वीस वर्षांनी एकदा. अनेक बिया केवळ पाण्याने रुजत नाहीत, त्यांना धुराचा वास लागतो. इथले बागवान धूर मुरवलेले पाणी घालून बिया रुजवतात. प्रोटियाच्या कुळातील कित्येक बियांवर चरबीचा लहानसा गोळा असतो. मुंग्या त्याच्यासाठी बी वारुळात ओढून नेतात, गोळा खातात आणि बी तिथेच टाकून देतात, म्हणजे ते उंदरांपासून आणि आगीपासूनही वाचते. अर्जेंटिनाहून आलेल्या परक्या मुंग्या गोळा वरच्या वर खातात आणि बी उघड्यावर सोडतात. रानजाई यांच्या बाभळीसारखीच ही कथा आहे.

पाटकरी

पाण्याचे वेळापत्रक हाच विषय आहे, तर ओकावांगो नदी वगळून चालणार नाही. अंगोलाच्या डोंगरांवर तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, पडलेला पाऊस नदीने बोत्सवानाच्या सपाटीवर यायला कित्येक महिने घेतो, कारण उतार नावापुरताच आहे. परिणामी स्थानिक पाऊस संपून कलहारी कोरडी पडलेली असते, नेमक्या त्याच जून ते ऑगस्टच्या काळात तिथे पूर चढतो. नदी समुद्राला मिळतच नाही. वाळूत पसरते आणि बाष्प होऊन उडून जाते. त्या पाण्यातली बरीचशी बेटे वाळवीच्या वारुळांवर माती आणि झाडोरा साठून तयार झाली आहेत. आयुष्यभर कालव्यांची आवर्तने आखली, पण ऐन टंचाईत पाणी सोडणारी अशी व्यवस्था आम्हाला कागदावरही साधली नव्हती.

कोरडवाहू

काँगोबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही. तिथे जाऊन आलेले कोणी नाही का?

रानजाई

गेलेली नाही, वाचलेले आहे, तेवढे लिहिते. त्या अरण्यात मधूनच उघडी, दलदलीची मैदाने असतात आणि त्यांना तिथले लोक ‘बाई’ म्हणतात. मराठी कानाला गंमत वाटेल. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील झांगा बाई सर्वांत प्रसिद्ध. अरण्यातले हत्ती तिथे जमून सोंडेने खड्डे पाडतात आणि खालचे क्षारयुक्त पाणी पितात. हे हत्ती सव्हानातल्या हत्तीहून लहान, गोलसर कानांचे आणि सरळ, खाली रोखलेल्या सुळ्यांचे असून, आता ती वेगळी जात मानली जाते. जिराफाचा भाऊ ओकापी याच अरण्यात इतका लपून राहिला, की विज्ञानाने त्याची नोंद घेतली ती १९०१ मध्ये. बोनोबो वानर काँगो नदीच्या दक्षिणेलाच आहेत आणि चिंपांझी व गोरिला उत्तरेकडे. ती रुंद नदी यांतल्या कोणालाही पोहून ओलांडता येत नाही.

खोऱ्याच्या मध्यभागी दलदलीत न कुजलेल्या पानाफांद्यांचा थर साठला आहे. २०१७ मध्ये त्याचे मोजमाप प्रसिद्ध झाले, तेव्हा तो सुमारे १,४५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रावर पसरलेला आढळला, आणि त्यात सुमारे ३,००० कोटी टन कार्बन अडकलेला आहे असा अंदाज आहे. वरचे पाणी आटले, तर तो कार्बन हवेत जाईल.

खंड्या

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर जूनमध्ये गावाबाहेरच्या बाभळीवर लक्ष ठेवा. काळ्यापांढऱ्या अंगाचा, डोक्यावर तुरा असलेला चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो, तोही पावसाच्या वाऱ्याबरोबर. तो पावसाची वाट पाहत चोच उघडून बसतो ही कविकल्पना असली, तरी त्याच्या येण्याची वेळ कवींनी अचूक टिपली होती.

परतीचा प्रवास पाहायचा असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर लोणावळ्याकडे जावे. मांचुरियाकडून निघालेले अमूर ससाणे नागालँड-मणिपुरात विसावा घेऊन द्वीपकल्प ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातात. त्याच काळात, त्याच दिशेने, पिवळसर चतुर मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे उडत असतात. ससाणे समुद्रावर हेच चतुर खात जात असावेत, असा तर्क आहे. दोघेही सरकत्या पर्जन्यपट्ट्याची पाठ धरून जातात, कारण चतुरांना अंडी घालायला पावसाची ताजी डबकी लागतात.

कोरडवाहू

शेवटचे विचारतो. पक्ष्यांना हे पंचांग उमगते, तर कुनोत आणलेल्या चित्त्यांचे काय?

दारेसलामकर

नामिबियातून २०२२ च्या सप्टेंबरात आठ आणि दक्षिण आफ्रिकेतून २०२३ च्या फेब्रुवारीत बारा चित्ते आले. त्यांच्या अंगातले घड्याळ दक्षिण गोलार्धाचेच होते. तिकडे जून ते सप्टेंबर हा हिवाळा असतो, म्हणून आपल्या पावसाळ्यात त्यांच्यातील काहींच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस आले. त्या केसांखाली ओल राहून जखमा चिघळल्या आणि २०२३ मध्ये त्यातून काही चित्ते दगावले.

रानजाई

वसईच्या किल्ल्यात गोरखचिंचेची झाडे आहेत. मूळची आफ्रिकेतली, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून कधीतरी आलेली. झिंबाब्वेत हे झाड ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान फुलते. वसईत त्याला पालवी येते ती मृगाच्या आगेमागे, आणि फुलेही त्याच सुमारास. पांढरे, तळहाताहून मोठे फूल अंधार पडताना उमलते आणि रात्रभर त्यावर वटवाघळे येतात. सकाळी गेलात तर ते बुंध्याशी पडलेले, कडेने तपकिरी होऊ लागलेले सापडेल.